गालिचा धुताना आधी हवा मोजा, मग पाणी सोडा

धुतलेला गालिचा दुसऱ्या दिवशीही पायाला ओला लागतो, तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो आणि आठवड्याभरात काढलेला डाग पुन्हा वर येतो. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. एक्स्ट्रॅक्टरने (गालिच्यात पाणी फवारून ते लगेच परत ओढणाऱ्या यंत्राने) जेवढं पाणी गालिच्यात घातलं, तेवढं परत ओढून घ्यायला पुरेशी हवा वाँडच्या (हातात धरून फिरवायच्या दांड्याच्या) तोंडाशी पोचत नव्हती. अशा वेळी केमिकल बदललं जातं, पंपाचा दाब वाढवला जातो, आणि दुखणं आणखी वाढतं.

पाण्याचं काम मळ सोडवून त्याला धाग्यावरून उतरवण्याचं. तो मळ पाण्यासकट टाकीत नेण्याचं काम हवेचं. म्हणून जुळवाजुळव नेहमी हवेकडून सुरू करावी. आपल्या यंत्रात, आपल्या नळीच्या टोकाला किती हवा मिळते ते मोजायचं आणि त्या हवेला झेपेल एवढ्याच पाण्याचे जेट (फवाऱ्याची तोंडं) बसवायचे.

व्हॅक्यूमची दोन मापं

पहिलं माप ओढीचं. यंत्राच्या कागदावर ते वॉटर लिफ्ट म्हणून येतं, मिलिमीटर किंवा इंच पाण्यात. दोन स्टेजची (दोन पंख्यांची) मोटर साधारण २२०० ते २५०० मिलिमीटर, तीन स्टेजची २८०० ते ३५०० मिलिमीटर देते. दुसरं माप हवेच्या ओघाचं, सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) किंवा लिटर प्रति सेकंद. १०० सीएफएम म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लिटर, आणि चांगली एक मोटर मोकळ्या तोंडाला याच्या आसपास असते.

विक्रेता हे दोन्ही आकडे एका दमात सांगतो, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. नळीचं तोंड तळहाताने पूर्ण बंद केलं की ओढ सर्वात जास्त आणि ओघ शून्य. तोंड मोकळं सोडलं की ओघ सर्वात जास्त आणि ओढ जवळपास शून्य. गालिच्यावर काम चालतं ते या दोहोंच्या मध्ये. धाग्यांमधून वेगाने जाणारी हवा पाण्याचे थेंब सोबत नेते, म्हणून गालिचा कोरडा करतो तो ओघ. ओढ लागते ती नळी, वळणं, फिल्टर आणि ओल्या लवीचा (गालिच्याच्या उभ्या धाग्यांचा) अडथळा ओलांडून तो ओघ टिकवायला. नुसत्या ओढीचा मोठा आकडा बघून यंत्र घेतलं तर बंद तोंडाला हात घट्ट चिकटतो, पण गालिच्यातून पाणी येत नाही.

दोन मोटरी असतील तर त्या कशा जोडल्या आहेत हे पाहा. समांतर जोडल्या तर ओघ जवळपास दुप्पट होतो, ओढ तेवढीच राहते. एकामागून एक जोडल्या तर ओढ वाढते, ओघ तेवढाच. साडेसात मीटरच्या आतली जाड नळी आणि दाट लव असेल तर समांतर जोडणी जास्त उपयोगी. पंधरा मीटर किंवा त्याहून लांब, बारीक नळीवर दुसरी जोडणी टिकते.

मोटरचा आवाज ऐकायची सवय लावावी. तोंड बंद झालं की हवेचा भार हलका होतो, मोटर जास्त वेगाने फिरते आणि आवाज वर चढतो. वाँड हवेत उचलून धरला असतानाही आवाज चढलेला राहिला तर कुठेतरी तुंबलंय: लिंट फिल्टर (केस-दोरे अडवणारी जाळी), नळीचं वळण किंवा वर आलेला फ्लोट (टाकी भरली की वर येऊन हवा बंद करणारा तरंगता भाग). वाँड ओल्या गालिच्यावर दाबूनही आवाज चढत नसेल तर हवा वाटेत कुठून तरी आत येते आहे. बहुधा टाकीच्या झाकणाची गॅस्केट, ड्रेन व्हॉल्व्ह किंवा नळीचा चिरलेला कफ.

घरच्या घरी मोजमाप

ओढ मोजायला महागडा गेज लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप चार मीटर घ्या. खालचं टोक पाण्याच्या बादलीत सोडा आणि पाइप जिन्याच्या कठड्याला सरळ उभा बांधा. वरचं टोक रबरी बुचातून व्हॅक्यूम नळीच्या तोंडात घट्ट बसवा आणि मोटर लावा. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपात चढलेल्या पाण्यापर्यंतची उंची म्हणजे तुमची खरी बंद-तोंड ओढ. आधी ही चाचणी टाकीच्या तोंडाशी करा, मग पूर्ण नळी लावून तिच्या टोकाला. दोन्ही आकडे सारखेच यायला हवेत, कारण हवा वाहत नसताना नळीत दाब वाया जात नाही. टोकाचा आकडा कमी आला तर नळी गळते आहे असं धरा.

ओघासाठी हातात मावणारा डिजिटल अॅनिमोमीटर पुरतो. प्लंबिंगच्या दुकानातून ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचा अर्धा मीटर तुकडा आणि नळीच्या मापापर्यंत उतरणारे रिड्यूसर घ्या. तुकडा नळीच्या टोकाला जोडून त्याच्या मोकळ्या तोंडावर अॅनिमोमीटर धरा. आतला व्यास १०५ मिलिमीटर असेल तर मीटर प्रति सेकंद या वेगाला ८.७ ने गुणलं की लिटर प्रति सेकंद मिळतात. वेग ५ आला तर ओघ सुमारे ४३ लिटर. अॅनिमोमीटरचा चेहरा स्वतःच थोडी वाट अडवतो, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर नसतो. पण याच साधनाने दर महिन्याला मोजून वहीत लिहिलं की यंत्र कुठे उतरतंय ते लगेच दिसतं.

इथे आकडे कागदापेक्षा कमी का येतात

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवा समुद्रकाठच्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते आणि पंख्याची ओढ हवेच्या घनतेच्या प्रमाणात उतरते. पणजीत २५०० मिलिमीटर दाखवणारी मोटर बेळगावात २३०० च्या आसपास दाखवेल. चोर्ला घाटाने गोव्यातल्या हॉटेलांच्या कामाला जाणाऱ्यांना हा फरक गेजवर दिसतो. तो मोटरचा दोष मानून तिचे कार्बन ब्रश बदलू नका.

दुसरं कारण व्होल्टेज. या मोटरी ब्रशवाल्या असतात, व्होल्टेज उतरलं की त्यांचा वेग उतरतो. वेग दहा टक्के कमी झाला तर ओघ दहा टक्क्यांनी पडतो, पण ओढ जवळपास एकोणीस टक्क्यांनी, कारण ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. म्हणून मोटर चालू असताना मीटरने सॉकेटपाशी आणि यंत्रापाशी, दोन्हीकडे व्होल्टेज पाहा. दोन मोटरींचं यंत्र १३ अॅम्पिअरच्या आसपास घेतं. २० मीटरची १ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल त्यात नऊ-साडेनऊ व्होल्ट खाते, २.५ चौरस मिलिमीटरची चारच. केबल गुंडाळीवरून पूर्ण सोडवून पसरा, गुंडाळलेली तापते. यंत्राला दोन वायरी असतील तर त्या दोन वेगळ्या सर्किटच्या १६ अॅम्पिअर सॉकेटमध्ये घाला. मंगल कार्यालयात एकाच बोर्डावर दोन्ही लावल्या की एमसीबी पडू शकतो. ओल्या जागेत ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खणखणीत अर्थिंग याला पर्याय नाही.

नळीत काय हरवतं

बरीच हवा नळीत मरते आणि याकडे सर्वात कमी लक्ष जातं. आतून गुळगुळीत असलेल्या ३८ मिलिमीटर नळीतून सेकंदाला ४० लिटर हवा नेली तर साडेसात मीटरमध्येच साधारण ४०० मिलिमीटर ओढ खर्च होते. नळी १५ मीटर केली की खर्च दुप्पट. आतून कड्या-कड्यांची नळी असेल तर त्याहून जास्त. तेवढीच हवा ५० मिलिमीटर नळीतून नेली तर हा खर्च चौथाईवर येतो.

मग सगळीकडे जाड नळी का घेऊ नये? कारण पाणी वाहून न्यायला हवेला वेग लागतो. ४० लिटर हवा ३८ मिलिमीटर नळीत सेकंदाला ३५ मीटर वेगाने जाते, ५० मिलिमीटर नळीत २० मीटरने. एका मोटरचं यंत्र, त्यात थोडी गळती, त्यात उतरलेलं व्होल्टेज, असं करत वेग १५ मीटरच्या खाली आला की पाणी नळीच्या तळाशी रेंगाळतं, गुडगुड आवाज येतो आणि वाँड उचलला की घोटभर पाणी उलटं गालिच्यावर सांडतं. एका मोटरला ३८ मिलिमीटर नळी आणि लांबी साडेसात मीटरपर्यंत, हे गणित बरं. दोन मोटरी समांतर असतील तर मुख्य नळी ५० मिलिमीटर आणि वाँडपाशी शेवटचे दीड-दोन मीटर ३८ मिलिमीटर, म्हणजे हातही दुखत नाही.

यंत्र शक्यतो गालिच्याच्याच मजल्यावर न्या. नळी जिन्यावरून वर चढत असेल तर हवा वाहते आहे तोवर पाणी थेंबाथेंबाने वर जातं, पण वाँडचं तोंड क्षणभर पूर्ण बुजलं की उभ्या भागात पाण्याचा खांब तयार होतो आणि तीन मीटरचा खांब अडीच हजार मिलिमीटरची मोटर उचलू शकत नाही.

आता पाणी: दाब आणि जेट

जेटवर कोरलेला आकडा वाचायला शिका. ११००२ मध्ये ११० म्हणजे फवाऱ्याचा कोन अंशांत, आणि ०२ म्हणजे ४० पीएसआय, म्हणजे २.८ बार दाबाला मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, आपले ०.७६ लिटर. दाब वाढला की पाणी त्याच्या वर्गमुळाने वाढतं. तोच ११००२ जेट ७ बारला मिनिटाला १.२ लिटर, १४ बारला १.७ आणि २० बारला २ लिटर सोडतो. ११००१५ जेट याच्या पाऊणपट, ११००३ दीडपट.

यावरून कळतं की दाब दुप्पट करूनही पाणी जेमतेम चाळीस टक्के वाढतं. वाढतो तो पाण्याचा मारा, आणि तो पाण्याला लव ओलांडून पाठीच्या कापडात नेऊन बसवतो. तिथून ते कुठलाच व्हॅक्यूम नीट काढत नाही. पाणी वाढवायचंच असेल तर जेट मोठा घ्या आणि दाब जागेवर ठेवा. लवीच्या नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन गालिच्याला ७ ते १४ बार पुरे. कार्यालयातल्या पातळ नीडल-पंच (लव नसलेल्या, दाबून केलेल्या) कार्पेटला ४-५ बार. सोफ्याला त्याहून कमी.

सुरुवात कुठून करावी? एका मोटरच्या यंत्राला मिनिटाला अडीच लिटरपेक्षा जास्त पाणी देऊ नका. दोन मोटरींना साडेतीन ते चार. दोन ११००२ जेट १४ बारला मिळून ३.४ लिटर देतात, म्हणजे दोन मोटरींच्या यंत्राला हे माप चपखल बसतं. चार जेटचा रुंद वाँड दिसायला दणकट वाटतो, पण पोर्टेबल यंत्रावर लावला की पाणी वाढतं आणि हवा मात्र रुंद तोंडावर विखुरते. तो ट्रकमाउंटवर (गाडीत बसवलेल्या मोठ्या यंत्रावर) शोभतो.

जेट झिजतात. कठीण पाण्याने आणि बारीक वाळूने पितळी जेटचं भोक मोठं होतं, फवाऱ्याच्या कडा जड होतात आणि गालिच्यावर पट्टे उमटतात. दर महिन्याला प्रत्येक जेटखाली मापाचा जग धरून ३० सेकंद सोडा. नव्या जेटपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी आलं तर तो बदला, आणि बदलायचे तर सगळे एकदम. स्टेनलेसचे जेट महाग असले तरी जास्त टिकतात.

वाँड हातात घेतल्यावर

ट्रिगर फक्त मागे ओढताना दाबा. ३० सेंटिमीटर रुंद वाँड सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने ओढला तर मिनिटाला ५.४ चौरस मीटर होतात आणि ३.४ लिटरच्या जेटने दर चौरस मीटरला सुमारे ६३० मिलिलिटर पाणी पडतं. मळकट जागी दोन ओल्या ओढी (ट्रिगर दाबून वाँडच्या दोन फेऱ्या), म्हणजे सव्वा लिटर. प्रत्येक ओल्या ओढीमागे त्याच पट्ट्यावर दोन कोरड्या ओढी, ट्रिगर सोडून, निम्म्या वेगाने. घाईत सर्वात आधी याच दोन ओढी गाळल्या जातात आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार तिथेच जन्माला येते.

ओढ संपायच्या पंधरा-वीस सेंटिमीटर आधी ट्रिगर सोडा. शेवटपर्यंत दाबून ठेवलं तर वाँड जिथे उचलला जातो तिथे पाण्याची रेघ राहते, आणि खोलीभर अशा रेघा वाळल्यावर तपकिरी दिसतात. पट्टे एकमेकांवर तीन-चार सेंटिमीटर चढवा.

तोंड गालिच्यावर सपाट टेकलंय का हे प्रत्येक माणसाच्या उंचीप्रमाणे बदलतं. ३० सेंटिमीटरच्या तोंडाची एक कड दोन मिलिमीटर उचलली तर सहा चौरस सेंटिमीटरची मोकळी फट तयार होते. तीन मिलिमीटर रुंद तोंडाचं स्वतःचं क्षेत्रच नऊ. हवा मग लवीतून न येता त्या सोप्या फटीतून येते. टेफ्लॉनचा ग्लाइड (तोंडाला लावायची गुळगुळीत पट्टी) बसवला तर वाँड हलका सरकतो आणि हवा ठरावीक खाचांतून लवीवर एकवटते. कडा झिजून टोकदार झालेला ग्लाइड मात्र लव ओरबाडतो.

नुसत्या अंथरलेल्या कार्पेटची अडचण वेगळी. जोरदार ओढ ते फरशीवरून वर उचलते, तोंड बुजतं, ओघ थांबतो आणि वाँड जागीच अडतो. व्हॅक्यूम रिलीफ (ओढ कमी करणारी झडप) थोडा उघडा, भोकांचा ग्लाइड लावा आणि दुसऱ्या माणसाने पायाने कार्पेट ताणून धरावं.

बादलीची परीक्षा

सगळं जुळलंय की नाही हे एकाच चाचणीत समजतं. गालिच्याचा दहा चौरस मीटर भाग टेपने आखा. नळी अर्धा मिनिट नुसती चालवून आतलं जुनं पाणी टाकीत जाऊ द्या आणि घाण पाण्याची टाकी रिकामी करा. स्वच्छ टाकीत मोजून पाणी भरा. दोन ओल्या ओढी आणि त्यामागच्या कोरड्या ओढी पूर्ण करा. आधी मारलेल्या प्री-स्प्रेचं (मळ सैल करायला आधी फवारलेल्या केमिकलचं) पाणीही हिशेबात धरा. किती गेलं आणि किती परत आलं हे मापाच्या बादलीने पाहा. फेस बसेपर्यंत थांबा, नाहीतर फेसच पाणी म्हणून मोजला जाईल.

१२ लिटर गेलं आणि १० लिटरच्या वर परत आलं तर जुळणी ठीक आहे. चौरस मीटरला दोनशे मिलिलिटरपेक्षा कमी राहिलं, ते पंख्याखाली सहा ते आठ तासांत वाळतं. नऊच्या खाली आलं तर पाणी कमी करण्याआधी शोधाचा क्रम असा ठेवा: टाकीपाशी ओढ, नळीच्या टोकाला ओढ, टोकाला ओघ, मग वाँडचं तोंड, मग हाताचा वेग. हे पाचही बरोबर असतील तरच जेट एका मापाने लहान करा. सरळ जेट लहान केला तर गालिचा कोरडा होईल, पण मळ तिथेच राहील आणि गळकी गॅस्केट पुढच्या कामावर सोबत येईल.

मातीप्रमाणे पाणी

कुठलाही गालिचा ओला करण्याआधी कोरडा व्हॅक्यूम सावकाश, उभा आणि आडवा फिरवा. गालिच्यातला बहुतांश मळ सुटी धूळ असते आणि ती कोरडी जितकी सहज निघते तितकी ओली निघत नाही. आपल्या भागात याला जास्तच महत्त्व आहे. अथणी, रायबागकडची काळी माती पाणी लागताच फुगते आणि चिकट लगदा होऊन लवीच्या मुळाशी बसते. ती कोरडी काढली नाही तर मग कितीही पाणी कमीच पडतं. बेळगाव-खानापूरची तांबडी माती बारीक असते, रंग सोडते. तिला प्री-स्प्रेनंतर ब्रश आणि मग दोन ओल्या ओढी लागतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीलगतच्या कचेऱ्यांमध्ये लवीत तंबाखूचा चुरा असतो. तो ओला झाला की तपकिरी रंग सोडतो आणि हळूहळू वाळणाऱ्या गालिच्यात तो रंग धाग्याच्या टोकाला येऊन बसतो. तिथे पाणी कमी आणि कोरड्या ओढी जास्त.

उद्यमबागमधल्या फाउंड्रींच्या ऑफिसांचा मळ सर्वात अवघड. साच्याच्या वाळूतली बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि लोखंडाचे बारीक कण एकत्र. बेंटोनाइट पाण्याने फुगतं आणि लोखंड ओलं राहिलं की गंजतं. सकाळी काळा दिसणारा गालिचा धुतल्यावर उजळतो आणि दोन दिवसांनी नारिंगी ठिपके दाखवतो, ते यामुळे. अशा जागी कोरड्या व्हॅक्यूमनंतर कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं तरी बरंच लोखंड निघतं. गालिचा त्याच दिवशी वाळला पाहिजे, त्यामुळे कोरड्या ओढी तीन. गंजाच्या डागावर अल्कलीचं केमिकल मारू नका. त्याला आम्लाचा गंजनाशक लागतो, तोही आधी कोपऱ्यात तपासून.

प्री-स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये चिकोडीकडच्या कोरड्या उन्हात तो पाच-सात मिनिटांत सुकू लागतो, म्हणून एका वेळी दहा चौरस मीटरपेक्षा जास्त मारू नये. कृत्रिम धाग्याला ६० अंशांपर्यंत गरम पाणी चालतं. लोकरीला कोमट पाणी आणि सौम्य केमिकल. सुती सतरंजीवर एक्स्ट्रॅक्टर लावण्याआधी ओलं पांढरं फडकं अर्धा मिनिट दाबून रंग सुटतो का पाहा. सुटला तर ती या यंत्राची गिऱ्हाईक नाही.

वाळवणं

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात खिडक्या उघडून गालिचा वाळवायचा प्रयत्न करू नका. बाहेरची हवा आधीच ओलीचिंब असते, ती आत आली की गालिचा वाळायच्या ऐवजी ओल धरतो. खिडक्या बंद करून एसी किंवा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा आणि एअर मूव्हर (जमिनीवर ठेवायचा जोरदार पंखा) गालिच्याच्या पातळीवर आडवा फुंकत ठेवा. हे साधन नसेल तर जून ते सप्टेंबर काम घेताना एका मापाने लहान जेट बसवा आणि प्रत्येक पट्ट्यावर एक कोरडी ओढ वाढवा. उन्हाळ्यात उलट: खिडक्या सताड उघड्या आणि छताचे पंखे पूर्ण वेगात.

शहाबादी फरशीवर अंथरलेलं नीडल-पंच कार्पेट वरून कोरडं वाटतं, खाली पाणी साचलेलं असतं. एक कोपरा उचलून फरशीवर हात फिरवा. ओली असेल तर कार्पेट विटांवर उचलून खालून हवा द्या, मगच खुर्च्या मांडा. खुर्चीच्या लोखंडी पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे ठेवा.

फेस, क्षार आणि दिवसाअखेरची निगा

पूर्वी कुणी शांपूने धुतलेला गालिचा पाणी लागताच फेस काढतो. फ्लोट पाण्यावर उचलला जातो, फेसावर नाही. फेस सरळ मोटरीत शिरतो आणि बेअरिंग खातो. घाण पाण्याच्या टाकीत आणि नळीच्या टोकातून डिफोमर (फेस मारणारं द्रव) द्या, स्वच्छ टाकीत कधीही नको. फेस थांबत नसेल तर प्री-स्प्रे बंद करून एक अख्खी फेरी साध्या पाण्याची करा.

बोअरचं कठीण पाणी जेट, हीटर आणि पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये क्षार धरतं. शक्य असेल तिथे नळाचं पाणी भरा. बोअरचंच वापरावं लागत असेल तर पंधरा दिवसांनी एक लिटर पाण्याला २० ग्रॅम सायट्रिक अॅसिड या प्रमाणात द्रावण पंपातून फिरवा, वीस मिनिटं मुरू द्या आणि स्वच्छ पाण्याने धुवा. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका, भोक कायमचं बिघडतं. सायट्रिकमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारा.

काम संपल्यावर घाण पाणी जाळीतून गाळून संडासात किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ओता, पावसाच्या गटारात नको. लिंट फिल्टर धुवा. नळीतून एक बादली स्वच्छ पाणी ओढा, टाकी रिकामी करा आणि मग मोटर दोन-तीन मिनिटं मोकळ्या तोंडाने चालवा, म्हणजे पंख्याच्या पात्यांवरची ओल उडून जाते. टाकीचं झाकण रात्रभर काढून ठेवा. लावून ठेवलं तर आत वास धरतो आणि गॅस्केट एकाच जागी दबून राहते. महिन्याभरात तीच हवा आत घेऊ लागते. सकाळी निघण्याआधी गॅस्केटवर बोट फिरवून केस, दोरे पुसून टाका. एवढ्या बारीक दोऱ्यानेही उभ्या पाइपातलं पाणी शंभर-दोनशे मिलिमीटर खाली येतं.